दोन होड्या

केरीच्या तरीवर त्यांनी मला बोलावलं
ते एक होडी बुडवायला.
म्हणजे बांधायची मी, बुडवायची त्यांनी.
तीस फुटी, नवी, पण जुनाट दिसणारी.
काजूबियांचं तेल चोळून चोळून
चार दिवसांत मी तिला पन्नास वर्षांचं केलं.

दिग्दर्शक अनिमेष, धड दाढीही न आलेला,
वाळूत उकिडवा बसून शेवट सांगत होता:
नायक होडी घेऊन खाडीबाहेर जातो,
परत येत नाही. बस्स.
नुसता किनारा दिसत राहतो
आणि दोन मिनिटं कोणी काही बोलत नाही.
दोन मिनिटं!
शाबाच्या हातातला रंधा थांबला.

एकशे ऐंशी कोटींचा सिनेमा.
एवढ्यात पेडण्याला किती मैल रस्ता होईल
याचा हिशेब कायतान फेरीबोटीवर
उभ्या उभ्या करायचा
आणि दर फेरीला त्याचा आकडा बदलायचा.

मग मुंबईहून खंबाटा मॅडम आल्या.
त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो.
माझं नाव लक्षात ठेवलं त्यांनी,
माझ्या चहात साखर किती, तेही.
कुठल्याशा थंड खोलीत त्यांनी
चाळीस अनोळखी माणसांना गोष्ट ऐकवली होती,
त्यातल्या एकतीस जणांना नायक परत हवा होता.
"एकतीस," त्या अनिमेषला म्हणाल्या,
औषधाचे थेंब मोजावे तशा हळू.
त्याने उरलेल्या नऊ जणांची नावं विचारली.
ती कोणी लिहून घेतली नव्हती.

म्हणून दुसरी होडी.
तश्शीच, तीस फुटी, परत येणारी.
दोन्ही शेवट घेऊन ठेवू, नंतर ठरवू, असं ठरलं.
नंतर काय ठरणार
हे जेवण वाढणाऱ्या पोरालाही कळलं होतं.
विम्याचा माणूस दोन्ही होड्यांभोवती फिरला,
फळ्या वाजवून बघितल्या, कागदावर खुणा केल्या.
न परतणाऱ्या होडीचा विमा होतो,
न पटलेल्या शेवटाचा होत नाही म्हणे.

मी हसलो नाही.
दुसऱ्या होडीच्या मजुरीत
माझ्या घरावर नवी कौलं चढली.
त्यांच्या भीतीखाली आम्ही कोरडे झोपतो.

आणि मी तरी काय बोलू?
जत्रेला मी दशावतारात राक्षसाचं सोंग घेतो.
तिन्हीसांजेला पेटाऱ्याजवळ नाईक आख्यान सांगतात,
आठ-दहा वाक्यांत. कागद नाही, तालीम नाही.
मध्यरात्री झांज वाजली
की तोंडाला येईल ते बोलायचं.
यंदा कोरगावला सतरा वर्षांच्या देवाने
मला असा प्रश्न विचारला
की मी गप्पच.
पखवाजवाला थांबला,
शेंगदाणे खाणारे थांबले,
त्या क्षणी आख्यान कुठेही जाऊ शकलं असतं.
गेलं नाही. पहाटे मी मेलो, दरवर्षीसारखा.
आमचाही शेवट ठरलेलाच, मॅडम,
फक्त तिथवरची वाट
मरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

म्हापशाला सिनेमा पाहिला. नायक परत आला.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, शाबाने मारली,
मीही मारली असेन. होडी माझी होती.

पहिली मात्र खरंच बुडाली, एकाच टेकमध्ये.
ओहोटीला तिचं नाक अजून वर येतं.
कालवं चिकटलीत त्याला.
पोरं त्यावरून पाण्यात उड्या टाकतात.

मे महिन्यात अनिमेष आला,
कदंबच्या बसने, एकटाच.
डोक्यावर छत्री धरणारा माणूस नाही, काही नाही.
ते नाक वर येईपर्यंत बसून राहिला.
मग म्हणाला, बारा फुटी होडी कितीला पडेल?
पैसे माझेच असतील,
आणि शेवट अजून सुचलेला नाही.
मी आकडा सांगितला. जरा कमीच सांगितला.
"फोन करतो."

दिवाळी उलटून गेली.
फोन नाही.
माट्टीच्या फळ्या मी आणल्यात,
मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्यात
सावलीत, वाळायला.